बेंबीजवळचा दोष: 'के' लावायचा की 'क्यू'?

रेफर चिठ्ठीवर एवढंच असतं: "बेंबीतून आतडं बाहेर." हिंगोलीकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातून ते लेकरू नांदेडला, तिथून कधी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोचेपर्यंत त्याच्या दोषाला तीन नावं पडलेली असतात. एका कागदावर ऑम्फॅलोसील, दुसऱ्यावर गॅस्ट्रोस्कायसिस आणि डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'कन्जेनिटल हर्निया'. मग ती फाइल एमआरडीच्या, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी विभागाच्या, टेबलावर येते आणि आयसीडी-१० (आजारांची जागतिक कोड-यादी) मधला कोड लावायची पाळी तुमच्यावर येते. नुकतंच हे काम हाती घेतलेल्यांसाठी जवळजवळचे कोड इथे समोरासमोर ठेवले आहेत.

जन्मजात म्हणजे क्यू, असं नाही

सगळ्यात जास्त फाइली इथेच चुकतात. क्यू हे जन्मदोषांच्या प्रकरणाचं अक्षर आहे, म्हणून 'कन्जेनिटल' शब्द दिसला की हात आपोआप क्यूकडे जातो. पण के ४० ते के ४६ या हर्नियाच्या गटाच्या डोक्यावरच टीप आहे की जन्मजात हर्निया इथेच धरायचा. अपवाद फक्त डायफ्रॅम (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू) आणि हायेटस (त्यातलं अन्ननलिकेचं छिद्र) इथल्या हर्नियाचा. म्हणजे दोन महिन्यांच्या मुलाच्या जांघेत जन्मापासून गोळा असला, तरी एका बाजूच्या साध्या इंग्वायनल हर्नियाला के ४०.९ लागतो. आईबाप ज्याला "बेंबी फुगली" म्हणतात तो अंबिलिकल हर्निया के ४२.९ मध्ये जातो. क्यू ७९.५, म्हणजे 'पोटाच्या भिंतीचे इतर जन्मदोष', या कोडखाली तर अंबिलिकल हर्निया वगळल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे.

खासगी रुग्णालयात या चुकीची किंमत रोख मोजावी लागते. साध्या के ४०.९ च्या जागी क्यू ७९.५ गेला की विमा कंपनी जन्मदोषाच्या कलमाखाली क्वेरी काढते. दोष बाहेरून दिसणारा की आतला, पॉलिसीत तो बसतो का, असा पत्रव्यवहार सुरू होतो. उलट, के कोड बरोबर लावला तरी अनेक पॉलिसींत हर्नियाला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. क्लेम कुठे पास होईल ते पाहून कोड निवडणं मात्र उघड खोटी नोंद आहे, आणि ऑपरेशन नोट मागवली की ती पकडली जाते.

मुलाच्या अंडात पाणी असेल तर गोष्ट वेगळी. नवजात बाळाच्या जन्मजात हायड्रोसीलचा कोड पी ८३.५ आहे; एन ४३ जन्मजात नसलेल्यासाठी.

पडदा आहे की नाही, नाळ कुठे आहे

आता मूळ पेच: क्यू ७९.२ (एक्सॉम्फॅलोस, म्हणजेच ऑम्फॅलोसील), क्यू ७९.३ (गॅस्ट्रोस्कायसिस) की के ४२? तिन्हींत पोटातलं काहीतरी बेंबीपाशी बाहेर आलेलं असतं, पण बाळाच्या जन्मावेळच्या नोंदीत तीन गोष्टी सापडल्या की गोंधळ बहुतेक मिटतो.

पहिली गोष्ट, वर काय आहे. ऑम्फॅलोसीलमध्ये आतड्यावर पातळ पडद्याची पिशवी असते. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये आतडं उघडंच असतं, गर्भजलात राहून सुजलेलं, जाड झालेलं. अंबिलिकल हर्नियात वर धड कातडी असते. बाळ रडलं की फुगतं, निजलं की बसतं, आणि बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांत छिद्र आपोआप बुजतं.

दुसरी, नाळ. ऑम्फॅलोसीलमध्ये नाळ त्या पिशवीच्याच टोकाला जोडलेली असते. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये नाळ आपल्या जागी धड असते आणि छिद्र तिच्या बाजूला, बहुधा उजवीकडे.

तिसरी, काय बाहेर आलं आणि छिद्र केवढं. यकृत बाहेर असेल तर ते बहुतेक वेळा मोठं ऑम्फॅलोसील असतं. गॅस्ट्रोस्कायसिसचं छिद्र सहसा लहान, ४ सेंमीच्या आत. ऑम्फॅलोसील ५ सेंमीच्या आत असेल तर मायनर, पुढे मेजर, असं अनेक सर्जन लिहितात. कोड मात्र दोघांचा एकच, क्यू ७९.२, आकार त्यात मावत नाही. म्हणून तो मजकुरात टिकवा.

फसवणारी फाइल असते फुटलेल्या ऑम्फॅलोसीलची. प्रसूतीत किंवा वाटेत पिशवी फाटते आणि बाळ उघड्या आतड्यासह पोचतं. दिसायला अगदी गॅस्ट्रोस्कायसिस. पण ओटी नोटमध्ये (ऑपरेशनच्या नोंदीत) छिद्राच्या कडेला पडद्याचे अवशेष आणि त्यांनाच चिकटलेली नाळ लिहिलेली असेल, तर तो फुटलेला ऑम्फॅलोसील असू शकतो.

इथे एक शिस्त पाळा: निदान कोडरने करायचं नाही. कागद एकमेकांशी भांडत असतील तर डॉक्टरांना लेखी विचारा, आणि प्रश्नात उत्तर भरू नका. उदाहरणार्थ: "जन्मावेळच्या नोंदीत आतड्यावर पडदा नाही, छिद्र नाळेच्या उजवीकडे, असं आहे. डिस्चार्ज कार्डवर ऑम्फॅलोसील आहे. अंतिम निदान लिहून सही व तारीख करावी." कोडचा आकडा किंवा क्लेमची रक्कम त्या चिठ्ठीत येता कामा नये. तोंडी "हो हो, तेच ते" यावर कोड बदलू नका. ऑडिटला सही दाखवावी लागते, आठवण नाही.

जोडीचे कोडही दोघांचे वेगळे पडतात. गॅस्ट्रोस्कायसिससोबत आतडं जन्मतः बंद असू शकतं. तसं लिहिलेलं असेल तर लहान आतड्यासाठी क्यू ४१ मधला कोड जोडा. ऑम्फॅलोसीलसोबत गुणसूत्रांचे दोष, हृदयाचे दोष जास्त दिसतात: एडवर्ड्स सिंड्रोम असेल तर क्यू ९१ चा गट, बेकविथ-वीडमनला (बाळाची वाढ जास्त होणारा सिंड्रोम) क्यू ८७.३. दोन निदानं एकत्र आली म्हणून एक गाळायचं नसतं.

बेंबीतून काही गळतंय, एवढंच कागदावर असेल तर काय गळतंय ते पाहा. लघवी असेल आणि युरॅकस (गर्भात मूत्राशय आणि बेंबी जोडणारी नळी) उघडा राहिल्याचं निदान असेल तर क्यू ६४.४. आतड्याशी जोडलेली नळी राहिली असेल तर क्यू ४३.०. नवजात बाळाच्या बेंबीला पू होऊन लाली आली असेल तर पी ३८. बेंबीचा पॉलिप पी ८३.६. यातल्या कशालाही क्यू ७९.५ लागत नाही. तो कचरापेटीसारखा वापरण्याची सवय मोडलेली बरी.

पोटाचे स्नायूच नाहीत, अंडकोष उतरलेले नाहीत, लघवीचा मार्ग फुगलेला, असं तिन्ही मिळून प्रून बेली म्हटलं असेल तर क्यू ७९.४.

डायफ्रॅममध्ये नियम उलटा

जन्मतः छातीत आतडं सरकलेलं असेल तर के ४४ नाही, क्यू ७९.०. डायफ्रॅम जागीच पण सैल, वर उचललेला, म्हणजे इव्हेंट्रेशन असेल तर क्यू ७९.१. जन्मजात हायेटस हर्निया क्यू ४०.१. के ४४ उरतो तो पुढच्या आयुष्यात झालेल्यासाठी.

मोठ्यांचे हर्निये

सीझरच्या किंवा गर्भपिशवी काढल्याच्या व्रणातून आलेला हर्निया हा इन्सिजनल: आतड्याला अडथळा असेल तर के ४३.०, गँगरीन असेल तर के ४३.१, दोन्ही नसेल तर के ४३.२. व्रण नसताना बेंबीच्या वर मधोमध आलेला एपिगॅस्ट्रिक, दोन्ही नसेल तर के ४३.९. बेंबीला लागूनच असलेला पॅराअंबिलिकल मात्र के ४२ मध्येच. जुन्या फाइली काढत असाल तर जपून: के ४३ ची ही विभागणी नंतरची आहे. आधी के ४३.० म्हणजे अडथळा असलेला कुठलाही व्हेंट्रल (पोटाच्या पुढच्या भिंतीचा) हर्निया.

बाळंतपणांनंतर पोटाचे दोन स्नायू मधून फाकले, पण छिद्र नाही, तर तो हर्निया नव्हे, एम ६२.०.

'स्ट्रँग्युलेटेड' आणि 'गँगरीन' यांचीही गल्लत होते. आत न जाणारा, अडकलेला, स्ट्रँग्युलेटेड, पण आतडं जिवंत, असा एका बाजूचा इंग्वायनल हर्निया के ४०.३ मध्ये येतो. आतडं काळं पडलं असेल तरच के ४०.४, आणि अडथळा व गँगरीन दोन्ही असतील तर गँगरीनचाच कोड.

कुठल्या आवृत्तीतून

सॉफ्टवेअर अमेरिकी असेल तर ते के ४०.९० आणि के ४०.९१ विचारतं: पहिला पहिल्यांदा झालेल्या, दुसरा पुन्हा उलटलेल्या हर्नियाला. क्यू ७९.५ चेही त्यात दोन तुकडे होतात, क्यू ७९.५१ मूत्राशयाचा जन्मजात हर्निया, क्यू ७९.५९ बाकीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आवृत्तीत हे पाचवे अंक नाहीत. फॉर्म मूळ आवृत्ती मागत असेल तर पाच अंकी कोड तिथे चालत नाही, आणि शेवटचा अंक डोळे झाकून छाटायची सवय लागली की पुढे भलत्याच कोडची छाटणी होते. यादी एकच ठेवा आणि तिचं नाव भिंतीवर लावा. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून अंमलात आहे, पण फॉर्म दहा मागत असताना अकराचे कोड मिसळू नका. सरकारी आरोग्य योजनेच्या पोर्टलवर ऑपरेशनचं पॅकेज निवडलं म्हणजे निदानाचा कोड झाला, असंही नाही.

आईची फाइल, बाळाची फाइल, फॉर्म ४

सोनोग्राफीत दोष दिसला म्हणून आईच्या केसपेपरवर क्यू ७९.३ लावलेला आढळतो. तो बाळाचा कोड. आईला ओ ३५.८. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाचं आतडं नाळेत असणं नैसर्गिक आहे, त्यामुळे त्याआधीच्या रिपोर्टवरून निदान पक्कं धरू नका. नंतरची सोनोग्राफी मागवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या नऊ नावांत ऑम्फॅलोसील नाही आणि गॅस्ट्रोस्कायसिसही नाही. म्हणून रुग्णालयाच्या फाइलवरचा कोड चुकला की हे बाळ जिल्ह्याच्या मोजणीतून निसटायला वेळ लागत नाही. बाळ गेलं तर मृत्यूच्या कारणाच्या फॉर्म ४ मध्ये बहुतेकदा फक्त 'सेप्सिस' येतं. (अ) मध्ये सेप्सिस आणि त्याखाली (ब) मध्ये गॅस्ट्रोस्कायसिस असेल, तरच मूळ कारण क्यू ७९.३ धरता येतं. (ब) रिकामं दिसलं तर फॉर्म निबंधकाकडे जाण्याआधीच डॉक्टरांकडे परत पाठवा.