गोदामाचा फ्लोअर: स्टील फायबर की मॅक्रो पॉलिप्रॉपिलीन?

भिवंडी-चाकणकडच्या गोदामाला 150 ते 200 मिमी जाडीचा फ्लोअर टाकताना वेल्डेड जाळीऐवजी फायबर (काँक्रीटमध्ये मिसळायचे छोटे तंतू) वापरायचं हे लवकर ठरतं. घोडं अडतं ते कुठलं फायबर यावर, आणि बोलणी दर-किलोवर होतात: घनमीटरमागे 25 किलो स्टील की 4 किलो पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिक? काँक्रीट नीट वाहणार की अडकणार, हे मात्र फायबरच्या आकारमानावर आणि लांबी भागिले व्यास या गुणोत्तरावर अवलंबून असतं. तो हिशेब मांडला की 4 किलो हलके वाटेनासे होतात.

हुकवालं स्टील फायबर 60 मिमी लांब आणि 0.75 मिमी जाड धरू, म्हणजे गुणोत्तर 80. स्टीलची घनता घनमीटरला 7850 किलो असल्याने घनमीटरमागे 25 किलो म्हणजे 0.32 टक्के आकारमान, साधारण 1.2 लाख तुकडे. पॉलिप्रॉपिलीनची घनता 910. 50 मिमी लांब, 0.7 मिमी जाडीचं फायबर 4 किलो घातलं की 0.44 टक्के आकारमान होतं आणि तुकडे भरतात जवळपास 2.3 लाख. आकारमान गुणिले गुणोत्तर केलं तर स्टीलचा आकडा 0.26 आणि पॉलिप्रॉपिलीनचा 0.31. ओल्या मिश्रणात जास्त गर्दी करतं ते पॉलिप्रॉपिलीन.

या गर्दीला मर्यादा आहे. मार्टिनी, रॉसी आणि रुसेल यांनी 2010 मध्ये मांडलेला निकष साइटवरही उपयोगी पडतो: वरच्या आकड्याचा चौथा भाग घ्या, त्यात खडी-वाळूचं प्रत्यक्ष आकारमान भागिले त्यांचं कमाल घट्ट रचलेलं आकारमान मिळवा. बेरीज 0.8 च्या खाली हवी. वर गेली की कण आणि फायबर एकमेकांत अडकून जाळं धरतात आणि मिश्रण एकदम आखडतं. स्टील यातले 0.064 खातं, पॉलिप्रॉपिलीन 0.078. खडी-वाळूची घट्ट रचना 0.80 धरली, तर तेवढी जागा मोकळी करायला घनमीटरमागे अनुक्रमे सुमारे 51 आणि 63 लिटर खडी-वाळू काढून त्या जागी सिमेंट-पाण्याची पेस्ट द्यावी लागते. हा हिशेब स्वतः वाहणाऱ्या काँक्रीटचा आणि ताठ फायबरचा आहे. व्हायब्रेटर लावायचा असेल तर सूट मिळते, आणि पॉलिप्रॉपिलीन वाकतं म्हणून त्याला आणखी थोडी. आपल्याकडची बेसॉल्टची खडी चपटी आली तर मात्र घट्ट रचनेचा आकडाच घसरतो आणि ही सूट तिथेच संपते. अशा वेळी फायबर बदलण्याआधी खडी बदला.

मिक्सिंगमध्ये दोघांची दुखणी वेगळी आहेत. स्टीलचे गोळे होतात: क्रिकेटच्या चेंडूएवढा, आत मॉर्टर न शिरलेला कोरडा तारांचा गुंता पंपाच्या हॉपरच्या जाळीवर येऊन बसतो. रिकाम्या ड्रममध्ये आधी फायबर टाकणं, सगळ्या पिशव्या एकदम ओतणं, किंवा ड्रमची पाती झिजलेली असणं ही नेहमीची कारणं. गोंदाने चिकटवलेल्या पट्ट्यांचं फायबर घेतलं तर त्रास बराच कमी होतो. पॉलिप्रॉपिलीनची काही फायबरं मिक्सरमध्ये जास्त वेळ घुसळली की टोकांना फाटतात, पृष्ठभाग वाढतो आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीतला स्लंप (साचा उचलल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते माप) झपाट्याने उतरतो. दोन्ही फायबरं तयार काँक्रीटमध्ये शेवटी, मिनिटाला 40 किलोपेक्षा सावकाश, ड्रम पूर्ण वेगात फिरत असताना टाकायची. मग घनमीटरमागे एक मिनिट आणि किमान पाच मिनिटं फिरवायचं.

स्लंप 25 ते 50 मिमी कमी दिसेल. पाणी घालू नका. फायबर काँक्रीट स्थिर असताना ताठ दिसतं, व्हायब्रेटर लावला की चालू लागतं. शंका आली तर व्ही-बी चाचणी करा, म्हणजे कंपनाखाली काँक्रीट किती सेकंदांत पसरतं ते मोजा. खरंच कमी पडत असेल तर पीसीई अ‍ॅडमिक्श्चर (पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) वाढवा. फार पातळ केलं तर स्टील तळाला बसतं आणि पॉलिप्रॉपिलीन वर येतं. मग पॉवर ट्रोवेलखाली (फ्लोअर घोटणाऱ्या यंत्राखाली) पृष्ठभाग केसाळ होतो.

पंपाच्या होजच्या आतल्या व्यासाच्या दोन-तृतीयांशांपेक्षा फायबर लांब नको. 100 मिमी होजला 60 मिमी चालतं, 75 मिमीला 50 च्या वर जाऊ नका. सळ्यांमधलं मोकळं अंतर फायबरच्या दीडपट तरी हवं. डॉक लेव्हलरच्या (ट्रक आणि गोदामाची पातळी जुळवणाऱ्या फळीच्या) खड्ड्याभोवती सळ्या दाट असतील तर तिथे 35 मिमीचं फायबर घ्या, नाहीतर खडी आणि फायबर सळ्यांवर थांबतात आणि खाली नुसतं मॉर्टर उतरतं. काँक्रीट एकाच जागी ओतून चहूकडे पसरू दिलं तर फायबर वाहण्याच्या दिशेला आडवी वळतात. म्हणून ओतण्याची जागा सरकवत राहा.

उंच रॅकचे पाय आणि जॉइंट कमी ठेवायचे असतील तर आमचं मत स्टीलच्या बाजूने. पॉलिप्रॉपिलीनचं ताठपण स्टीलच्या वीसाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तडा गेल्यावर कायमच्या वजनाखाली ते हळूहळू ताणत जातं. समुद्राजवळचं उघडं यार्ड असेल, जॉइंट नेहमीच्या अंतरावर कापायचे असतील आणि गंजाचे डाग नको असतील तर पॉलिप्रॉपिलीन घ्या. ‘4 किलो म्हणजे 25 किलोच’ असं कुणी म्हणालं, तर तुमच्याच ग्रेडच्या काँक्रीटवर, त्याच मात्रेत केलेला ईएन 14651 या युरोपीय मानकाच्या बीम चाचणीचा (तडा गेल्यावर उरणारी ताकद मोजणाऱ्या) अहवाल मागा.

पहिल्या दिवशी गाडीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी 10-10 लिटर काँक्रीट घेऊन धुवा. स्टील चुंबकाने वेचा, पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगेल. प्रत्येक नमुन्यात अनुक्रमे 250 आणि 40 ग्रॅमच्या आसपास फायबर यायला हवं. सुरुवात आणि शेवट यांत मोठा फरक निघाला तर पुढच्या गाडीला फायबर टाकण्याचा वेग कमी करा आणि ड्रमची पाती तपासा.