रिठ्याचं भांड्यांचं लिक्विड, सात महिन्यांनंतर: माल चांगला, तोटीने जीव खाल्ला

पाच लिटरचा कॅन, किंमत ९५० रुपये. रिठ्यापासून बनवलेलं 'वनस्पतीजन्य' लिक्विड, कॅनला काढून घ्यायला तोटी. माझे डोंबिवलीत घरगुती डबे आहेत, रोज ४०. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, म्हणून हे मागवलं.

पहिल्या आठवड्यात दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. फेसच नाही! मावशी म्हणाल्या, "ताई, नुसतं पाणी भरून दिलंय यांनी." रिठ्यातलं सॅपोनिन (साबणासारखं काम करणारा नैसर्गिक घटक) तेलकटपणा सोडवतं, पण नेहमीच्या लिक्विडसारखा फेसाचा ढीग काही येत नाही. आम्ही कोमट पाणी वापरायला लागलो आणि पिठल्याची पातेली, तुपकट वाट्या सरळ निघायला लागल्या. करपलेली कढई मात्र निघत नाही, तिला काथ्या आणि मनगटच लागतं. महिन्याभरात मावशींच्या चिरा भरत आल्या. तेव्हा दोनाचे चार स्टार झाले.

आता तोटी. २९व्या दिवसापासून ती गळायला लागली. रात्री खाली वाटी ठेवून मोजलं, सकाळी ४० मिली. म्हणजे रात्रीला ७ रुपये ६० पैसे मोरीत. रोजच्या ६० मिलीच्या हिशेबाने ८३ दिवस जायला हवा तो कॅन ६१ दिवसांत संपला. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, तोटी घट्ट फिरवा." घट्ट फिरवली तर जास्तच गळली. व्हिडिओ पाठवला, त्यावर पुढच्या खरेदीत दहा टक्के सूट मिळाली. तोटी मागितली होती हो, सूट नाही! दुसरा कॅन आला, तोटी तीच आणि गळणं पहिल्याच दिवसापासून.

वैतागून मी सगळं लिक्विड कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत ओतलं. नडलं ते इथेच. मदतीला येणारी मुलगी आमटीला फोडणी देत होती. ओट्यावरची बाटली उचलून तिने विचारलं, "काकू, कोळ सगळा घालू?" चिंचेचा कोळ वाटीत होता. तिच्या हातात रिठा होता, रंग अगदी तसाच तपकिरी. झाकण उघडलेलं होतं. मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. ४० जणांची आमटी वाचली, पोळी जळली.

लाज याची वाटते की फॉस्टॅकच्या, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी प्रशिक्षणात हे मी वहीत लिहून घेतलं होतं. साफसफाईची रसायनं अन्नापासून वेगळी, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवायची, खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच नाही. अन्न व्यवसायाच्या परवाना-नोंदणीचे २०११ चे जे नियम आहेत, त्यांच्या अनुसूची ४ मध्ये ही स्वच्छतेची सगळी जंत्री आहे. आमचा १४ आकडी नोंदणी क्रमांक भिंतीवर फ्रेम करून लावलाय आणि त्याच्याच खाली सरबताच्या बाटलीत साबण! २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनवल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाखापर्यंत दंड आहे. लिक्विड स्वतः त्या कायद्यात येत नाही, ते अन्न नाही. पण ते माझ्या ओट्यावर कुठे आणि कशात आहे, हे येतं. 'वनस्पतीजन्य' वाचलं की आपण सैल पडतो. ब्लीच मी सरबताच्या बाटलीत ओतलं असतं का?

ब्लीचवरून आठवलं. माझ्याकडे संत्र्याच्या सालांचं बायो-एन्झाइमही असतं (एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं). ते आंबट असतं. ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. एकाच बादलीत दोन्ही कधी ओतू नका.

लेबलबद्दल दोन तक्रारी. '९९.९ टक्के जंतूंचा नाश' लिहिलंय, पण किती मिनिटांत आणि कोणत्या जंतूंचा ते नाही. मी यावर विसंबत नाही, भाजी चिरायचे बोर्ड घासून झाले की उकळतं पाणी ओततेच. दुसरं म्हणजे 'भाज्या-फळांसाठीही'. कोविडच्या वेळी एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) सांगितलं होतं की भाज्या-फळांना साबण लावू नका, ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात ठेवून पिण्याच्या पाण्याने धुवा. पालक मी तसाच धुते. पर्यावरणाच्या नावाखाली मोघम दावे करू नयेत म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यांच्या कॅनवर मात्र 'इको-फ्रेंडली' एवढंच, पुढे काही नाही.

शेवटी तोटीचा इलाज हार्डवेअरच्या दुकानात सापडला. माठाच्या तोटीचा रबरी वायसर, पाच रुपये. सात महिन्यांत कंपनीला जे जमलं नाही, ते दुकानदाराने गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता दोन मिनिटांत केलं. आता एक थेंब गळत नाही. कॅन ओट्यावरून मोरीजवळच्या फळीवर गेलाय, वर मार्करने 'साबण' लिहिलंय, आणि कोकमाच्या बाटल्या भंगारात दिल्या.

चार स्टार. एक तोटीचा कापलाय. तिसरा कॅन मागवलाय, वायसर दोन आणून ठेवलेत.