आय पिलो की क्रेप बँडेज? प्रत्याहारासाठी काय घ्यावं

प्रत्याहार म्हणजे इंद्रियांना बाहेरच्या विषयांपासून आत वळवणं. त्यासाठी शवासनात डोळ्यांवर ठेवायच्या जवसाच्या उशा (आय पिलो) हल्ली सगळीकडे मिळतात. माप साधारण 20 बाय 10 सेंटिमीटर, वजन 200 ग्रॅमच्या आसपास.

जवस उत्तमच. दाणा चपटा नि गुळगुळीत, त्यामुळे उशी नाकाच्या दोन्ही बाजूंना छान ओघळते. पण पिशवी पाऊणच भरलेली हवी. ठासून भरली की वळत नाही आणि सगळा भार बुबुळांवर येतो. भार भुवईच्या नि गालाच्या हाडांवर टेकायला हवा. डोळा दाबला गेला तर काहींचे ठोके मंदावतात, घेरी येते. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर उशीही नको नि बँडेजही.

लव्हेंडरवाली मात्र घेऊच नका. डोळे मिटायचे नि नाकाला कामाला लावायचं, हा कसला प्रत्याहार? इंद्रियांनी विषय सोडावेत असं योगसूत्र (2.54) सांगतं, बदलावेत असं नाही. शिवाय जवसात तेल असतं, ते जुनं झालं की खवट होतं आणि अत्तराखाली ते कळत नाही. अभ्रा निघत नसेल तर तीही उशी बाद.

आमचं मत पुण्याच्या अय्यंगार परंपरेतल्या (योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या) क्रेप बँडेजला, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडी पट्टीला. औषधाच्या दुकानातली 10 सेंटिमीटर रुंदीची घ्या. कपाळापासून सुरुवात, मग डोळे नि कानांचा वरचा भाग झाकत दोन-तीन वेढे, नाक मोकळं. टोक कानशिलाजवळ खोचा, मागे गाठ आली की मान कलते. आत बोट सहज जायला हवं. बहुतेक जण इथेच चुकतात, ताणून बांधतात, मग कपाळ ठणकतं. नीट बांधली तर भुवयांमधली आठी आपोआप सुटते, हे उशीला जमत नाही.

रागाच्या भरात लगेच बांधू नका, आधी थोडं चाला. बाहेरचं बंद झालं की आत दाबलेलं वर येतं; रडू आलं तर येऊ द्या. छाती धडधडली, कोंडल्यासारखं झालं, तर मात्र लगेच सोडा आणि डोळे अर्धवट उघडे ठेवून पडा. अशांना उशीच बरी, मान हलवली की पडते. दहा-बारा मिनिटं पुरेत. घोरायला लागलात तर डोक्याखाली चादरीची आणखी एक घडी. उठताना उजव्या कुशीवर वळून बँडेज सैल करा, नजर जमिनीकडे ठेवा. मोबाइल पाच मिनिटं तरी लांब.