फाकारेवारेवाच्या जंगलात लेडीज सायकलवाली

मुलगा न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतो. फेब्रुवारीत त्याच्याकडे गेले तेव्हा म्हणाला, "आई, जंगलात सायकल चालवशील?" सांगलीत बँकेत जायला बावीस वर्षं लेडीज सायकल दामटलेली, त्यामुळे लगेच हो म्हटलं. तिथून दीड तासावर रोटोरुआ. गावात शिरल्याबरोबर गंधकाचा असा भपकारा आला की डब्यातली अंडी नासली की काय म्हणून मी पिशवी उघडून पाहिली.

जंगलाचं नाव व्हाकारेवारेवा. माओरी म्हणजे इथले मूळचे लोक सुरुवातीला 'फा' म्हणतात. बाकी सगळे नुसतं 'रेडवूड्स' म्हणून मोकळे होतात. कॅलिफोर्नियाहून आणलेली ही रेडवूडची झाडं इथे 1901 मध्ये लावली. बुंध्याला आम्ही तिघांनी हात धरून कवटाळलं तरी पुरेना. बाकी बरंचसं जंगल पाइनचं, लाकडासाठी लावलेलं. त्यामुळे कुठे तोड चालू असली की तेवढ्या वाटा बंद. आम्हालाही एक बंद मिळाली. आत जायला तिकीट नाही, सायकल मात्र भाड्याने घ्यावी लागते.

आणि माझी तक्रार तिथेच आहे. दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने उंची विचारली, हेल्मेट दिलं, सही घेतली, संपलं. हँडलला डाव्या हाताशी एक छोटा खटका असतो. तो दाबून सीटवर बसलं की सीट खाली जाते, उतारावर तशीच ठेवायची. हे त्याने सांगितलंच नाही. मी उंच सीटवर ताठ बसून पहिल्याच उतारावर निघाले, पुढचं ब्रेक करकचून दाबलं आणि सरळ नेच्यांमध्ये. लागलं नाही, पण सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. मागून येणाऱ्या एका अनोळखी बाईंनी थांबून तो खटका दाखवला. माझ्याच वयाच्या असाव्यात, गुडघ्याला पट्टा बांधलेला. पुढचा दिवस त्यांच्यामुळे निभावला.

वाटांबद्दल मात्र एक शब्द वावगा काढणार नाही. 1 म्हणजे सगळ्यात सोपी, 6 म्हणजे माझ्या मुलालाही नको, असे आकडे पाट्यांवर असतात आणि ते खरे निघतात. आपल्याकडे 'सोपा ट्रेक' म्हणून कड्यावर नेतात, तसलं काही नाही. 'ताही' नावाची 2 नंबरची वाट मी दोनदा केली. ताही म्हणजे माओरीत एक. अरुंद, वळणावळणाची, मधूनमधून मुळं. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, तरी चिखल नाही! माती ज्वालामुखीची, पाणी लगेच झिरपतं. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूला तांबड्या मातीत सायकल घातलीत तर चाकं फिरायचीच थांबतात.

एका वळणावर खाली पडलेलं नेच्याचं पान दिसलं, पाठ चंदेरी. कोकणात आजोळी आम्ही असलं पान हातावर थापून पांढरी नक्षी उमटवायचो. इथेही थापलं. काही उमटलं नाही, सूनबाईने व्हिडिओ तेवढा काढला.

33 किलोमीटरचा मोठा फेरा मुलाने एकट्याने केला. त्या बाजूला दोन तळी. टिकिटापूत पोरं डुंबत होती. शेजारच्या रोटोकाकाहीत उतरायची बंदी, ते माओरी लोकांसाठी पवित्र आहे. आपल्या देवराईतली काटकीसुद्धा उचलत नाहीत, तसंच.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. पाणी जवळ ठेवा, आत वाटेवर मला कुठे दिसलं नाही. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीवाली सायकल घ्या, लाजू नका. दुसऱ्या फेरीला मी तीच घेतली आणि चढावर मुलाला मागे टाकलं. वाटांना पाचपैकी पाच. दुकानाला दोन, तेही हेल्मेट नवं होतं म्हणून.