मंदारचा मदार होऊ नये: बडोद्यात नावाची पाटी करून घेताना

बडोद्यात दारावरची पाटी करून देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे: लेझरवर ॲक्रिलिक कापणारे, पितळेवर कोरून देणारे, आणि मोबाइलवर मजकूर पाठवला की तयार पाटी कुरिअरने धाडणारे. इंग्रजी तिघांचंही नीट असतं, गुजराती त्याहून नीट. खरी परीक्षा मराठी नाव समोर आल्यावर होते, आणि तीही नाव कोणतं आहे यावर. 'राम' कुणीही बिघडवू शकत नाही. 'उज्ज्वला' बिघडवायला मात्र फारसे कष्ट पडत नाहीत.

आधी ॲक्रिलिक, कारण सध्या सगळ्यात जास्त तेच खपतं. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे गुजराती नाव कापलं की अक्षरं सुटी निघतात आणि कागदाच्या साच्यावर ठेवून एकेक चिकटवावी लागतात. इथल्या कारागिरांचा हात त्यावर बसलेला आहे. देवनागरी नाव शिरोरेघेमुळे अख्खं एका तुकड्यात निघतं. काम सोपं, ओळ वाकडी होण्याची भीती नाही. सुटा राहतो तो फक्त अनुस्वार. टिकलीएवढा तो ठिपका कापल्यावर कचऱ्यात तरी जातो, नाहीतर चिकटवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात गळून पडतो. मग मंदारचा मदार होतो आणि नंदाची नदा. नावात अनुस्वार असेल तर कापलेल्या अक्षरांऐवजी कोरलेली अक्षरं घ्यावीत. कापलेलीच हवी असतील तर ठिपका किमान पाच मिलिमीटर व्यासाचा ठेवायला सांगावं. तो थोडा ठसठशीत दिसेल, पण जागेवर राहील.

जोडाक्षरांचा नियम साधा आहे: पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक रेघ कापायची नाही. तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमध्ये अक्षराची कुठलीही रेघ तीनपेक्षा कमी झाली की ती वाहतुकीत मोडते. एक इंच उंचीत 'संजय' आरामात बसतो. त्याच उंचीत 'मृण्मयी' बसवायचं तर अडचण होते, कारण दुकानदार उंची मोजतो ती वरच्या वेलांटीपासून खालच्या ऋकारापर्यंत. मधल्या अक्षराच्या अंगाला उरते जेमतेम अर्धी जागा. म्हणून नाव वरखाली पसरणारं असेल तर उंची शिरोरेघेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजून सांगावी. एक इंची अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं, फ्लॅटच्या दाराला तेवढं पुरतं. बंगल्याच्या फाटकाला दीड-दोन इंच तरी हवं. भाव अक्षरावर आहे की चौरस इंचावर, हे आधीच विचारावं. अक्षरावर असेल तर 'ज्ज्व' एक धरणार की तीन, तेही. दुकानदार हसतो, पण उत्तर देतो.

'उज्ज्वला'चं दुखणं आणखी एक आहे. बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉ या आखणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या आणि जुने, मोबाइलवर चालतं त्या युनिकोडच्या आधीचे फॉन्ट अजून चालू आहेत. त्यात नेहमीची जोडाक्षरं तयार मिळतात, 'ज्ज्व' मात्र हाताने जुळवावं लागतं, आणि घाईत एक ज गळतो. 'उज्वला' इतक्या ठिकाणी दिसतं की चूक आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तिथे जसाच्या तसा चिकटवला तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. उपाय जुनाच: कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो द्यावा, किंवा घरच्या संगणकावर टाइप करून पीडीएफ द्यावी. श आणि ल यांची हिंदी वळणं आली तर ती चूक नव्हे, पण शैला किंवा शलाका अशा नावाच्या घरात रोज डोळ्यांना खटकेल. फॉन्ट निवडताना तेवढं बघून घ्यावं.

एक गोष्ट मात्र बडोद्याच्या बाजूने आहे. ळ गुजरातीत आहे आणि 'ऋ' या अक्षराचा उच्चार इथेही 'रु' असाच होतो. इंदूरकडे ऋचाची रिचा व्हायला वेळ लागत नाही, इथे तो त्रास नाही.

इंग्रजी ओळीत मात्र गोंधळ ठरलेला. प्रज्ञा हे नाव घ्या. मराठी माणूस पी-आर-ए-डी-एन-वाय-ए लिहितो, हिंदीवाला मधे जी-वाय घालतो, गुजराती जी-एन. इथला ऑपरेटर सवयीने जी-एनच टाइप करणार. अक्षयला एक्स लागतो, विश्वासच्या दुसऱ्या व ला डब्ल्यूऐवजी व्ही. यात कुणाचं चुकत नाही, प्रत्येक भाषेची आपली रीत आहे. पण पाटीवरचं स्पेलिंग आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी जुळलं पाहिजे, कारण कुरिअरवाला पाकीट आणि पाटी ताडून बघतो. तोंडी स्पेलिंग कधीच सांगू नये. 'डी' आणि 'बी' फोनवर सारखेच ऐकू येतात.

आणि भाई-बेन. अनंत सांगितलं की ऑर्डरमध्ये अनंतभाई लिहिलं जातं, सुनंदाची सुनंदाबेन होते. तो आदर आहे, पण नको असेल तर आधीच सांगावं. कोरून झाल्यावर पितळ परत घेतलं जात नाही.

दुर्मीळ नावाला काळजी अक्षरांची, तर सर्रास नावाला ओळखीची. एकाच इमारतीत दोन संजय देसाई असणं इथे सहज शक्य आहे, कारण देसाई आणि जोशी ही आडनावं मराठी आणि गुजराती दोघांचीही. अशा वेळी नुसतं नाव-आडनाव म्हणजे पैसे वाया. वडिलांचं नाव पूर्ण घालावं, नुसतं आद्याक्षर नको, आणि फ्लॅटचा क्रमांक नावाइतकाच मोठा. गुजराती रीत आडनाव आधी लावायची, मराठीत ते शेवटी. दोन ओळींच्या पाटीत दोन्ही ओळींचा क्रम एकच ठेवावा, नाहीतर जोशी प्रकाश आणि प्रकाश जोशी असे दोघे राहतात असा समज होतो. लग्नात नाव बदललेल्या सुनेचं कोणतं नाव घालायचं हा घरचा प्रश्न, पण टपाल ज्या नावाने येतं ते तरी असावं. या शहराला ही अडचण नवी नाही. १८७५मध्ये दत्तक आलेले गोपाळराव सयाजीराव झाले, आणि त्यांच्या दोन्ही राण्यांचं सासरचं नाव चिमणाबाईच. रावपुऱ्यातला १८९६चा टॉवर पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचा, हे तिथून रोज जाणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

पितळेची पाटी महाग, पण अवघड नावाला सगळ्यात भरवशाची. नक्षी सोडून बाकीचा भाग झाकतात, फेरिक क्लोराइड हे रसायन उघडा पत्रा खातं, खोलगट अक्षरांत काळा किंवा लाल इनॅमल भरतात. अनुस्वार पडायचा प्रश्न नाही, ज्ज्व मोडायचा प्रश्न नाही. अक्षरं नखाला जाणवतील इतकी खोल हवीत, नाहीतर रंग दोन वर्षांत निघतो. वर लॅकरचा पारदर्शक थर मारून घ्यावा, आणि मग चिंच-मिठाने घासू नये. त्याने लॅकर जातं, मागोमाग रंगही. ओलं फडकं पुरे.

कुरिअरने येणाऱ्या पाट्यांत 'लाकूड' म्हणून बहुधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, असतो. पावसाळ्यात कडा फुगतात. झाकलेल्या जिन्यात चालेल, उघड्या फाटकावर नाही. शिवाय स्क्रीनवर दिसलेला नमुना बरोबर असला तरी मोजमाप कळत नाही. नाव साधं असेल तर स्वस्तात बरी, 'ज्ञानदा' असेल तर नकोच.

चिकटवण्याकडे लक्ष द्या. ॲक्रिलिकवर ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडलं तर सांधा स्वच्छ राहतो. फेविक्विकने अक्षराभोवती पांढरट धुरकट कडा येते, काळ्या पाटीवर ती लगेच दिसते. सोनेरी आरशाचं ॲक्रिलिक थिनरने पुसू नये, तडे जातात. भिंतीवर दुहेरी टेप नको. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप रंगासकट सुटते, आणि इथला मे महिना तिला मऊ करतो. चार कोपऱ्यांना स्टीलचे स्टड आणि भिंतीत सहा मिलिमीटरचे प्लग सांगावेत. भोकं दुकानातच पाडून घ्यावीत, घरी ड्रिल लावलं की ॲक्रिलिक कोपऱ्यातून चिरतं.

कापण्याआधी खऱ्या मापाची कागदी छपाई मागावी. स्क्रीनवरचा फोटो चालणार नाही. छपाई दारावर चिकटवून एक दिवस ठेवावी आणि ज्याचं नाव आहे त्यालाच वाचायला द्यावी, कारण बाकीचे सगळे सवयीने बरोबरच वाचतात.