माळ्यावरच्या पेटीतले वैमानिकाचे जाकीट: एका फसवणुकीची हकीकत

दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांची जाकिटे जमवणारे आपण कोकणात मोजकेच आहोत, पण आपल्याला गाठण्याची एक रीत आता ठकांना सापडली आहे. ती इतरांना वेळीच कळावी म्हणून माझा अनुभव सविस्तर मांडतो.

मालवणकडच्या एका गृहस्थाने अमेरिकी ए-२ प्रकारचे चामडी जाकीट विकायचे असल्याचे मला कळवले. आजोबा युद्धकाळात आसामातील एका विमानतळावर कामाला होते, मायदेशी परतणाऱ्या वैमानिकाने ते त्यांना दिले आणि तेव्हापासून ते माळ्यावरच्या पेटीत पडून आहे, असे त्याचे सांगणे होते. यात अशक्य असे काहीच नव्हते. १९४२ ते १९४५ या काळात चाबुआ, दिंजान अशा तळांवरून हिमालय ओलांडून चीनमधील कुनमिंगला रसद जात असे. तेथील अमेरिकी वैमानिकांकडे ए-२ असत आणि त्यांवरची कित्येक चिन्हे भारतीय कारागिरांच्याच हातची होती. खोटेपणा असा खऱ्या इतिहासाच्या आधाराने उभा होता. त्यात माणूस अस्सल मालवणीत, गावच्या जत्रेच्या आठवणी काढत बोलणारा. पाठवलेल्या छायाचित्रात कॉलरखालचे विणलेले लेबलही चोख होते, आरेखन क्रमांक ३०-१४१५ सुद्धा बरोबर. ८०,००० रुपये त्याने यूपीआयने आगाऊ घेतले.

पार्सलमधून निघालेले जाकीट छायाचित्रातले नव्हतेच. १९३१ साली स्वीकारलेल्या ए-२ ची पाठ एकाच अखंड चामड्याची असते, आत खिसा नसतो आणि पुढच्या खिशांना कडेने हात घालायची फट नसते. येथे पाठीला मधोमध जोड होता, आत खिसा होता आणि फटीही होत्या. अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा सुरू केले, त्याला अशा फटी पुढे आल्या, युद्धकाळातल्या जाकिटाला नव्हेत. चेनवर वायकेके ही अक्षरे होती. हा जपानी कारखाना १९३४ मध्ये सुरू झाला खरा, पण जपानशी लढणाऱ्या अमेरिकी सैन्याच्या जाकिटाला त्याची चेन लागणे शक्य नाही. अतिनील टॉर्चखाली शिवणीचा दोरा निळसर चमकत होता. जुना सुती दोरा असा चमकत नाही, मात्र आधुनिक साबणाने धुतलेले कापड चमकू शकते, म्हणून या एका चाचणीवर कोणी विसंबू नये.

सर्वांत बोलका पुरावा आपल्या हवेचाच होता. वर्षाला ३,००० मिलिमीटरपर्यंत आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्टीत कपाटातल्या चामडी चपलांवर श्रावणापर्यंत बुरशी चढते; मग पाऊणशेहून अधिक पावसाळे माळ्यावर काढलेल्या जाकिटाचे चामडे डागाळलेले, टिचबटणे गंजलेली आणि मनगटाची लोकरी वीण कसरीने खाल्लेली असायला नको काय? हे चामडे सारखे तुकतुकीत होते, वीण अखंड होती, आणि जुनेपणा आणण्यासाठी नुसता तपकिरी रंग घासलेला होता. दमट माळ्यावरून उतरलेले जाकीट नव्यासारखे दिसत असेल, तर तेथेच व्यवहार थांबवावा.

पैसे देण्यापूर्वी पाठ, आतली बाजू, खिशांच्या कडा आणि चेनचा लोलक यांची छायाचित्रे मागावीत, आणि लेबलाशेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवून एक छायाचित्र घ्यायला सांगावे. शक्य असल्यास जाकीट प्रत्यक्ष हातात घेऊनच पैसे द्यावेत. रत्नागिरीहून मालवण काही परमुलूख नाही. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. असे झाल्यास ती त्याच दिवशी करावी, कारण पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधीच ते गोठवले जाण्याची शक्यता असते.

तेच लेबलाचे छायाचित्र आता देवगडच्या एका घराची हकीकत जोडून पुन्हा फिरते आहे. लेबलाच्या डाव्या कोपऱ्याचा दोरा उसवलेला आहे आणि खाली शाईने लिहिलेले एक आडनाव अर्धवट पुसले गेले आहे. ते कोणाला आल्यास त्याने एक रुपयाही पाठवू नये आणि समोरच्याचा क्रमांक पोलिसांना कळवावा.