पिझ्झा रँच, आयोवा : शाकाहारी बाईचा अभिप्राय, राजकारणासकट

आधीच सांगून टाकते, इथे लोक येतात ते तळलेल्या चिकनसाठी. मी सांगलीची, पक्की शाकाहारी. म्हणजे या दुकानाचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ मी आजवर तोंडात घातलेला नाही. नवरा म्हणतो झकास असतं. तो तीनतीनदा उठून आणतो, त्याअर्थी असणारच.

नवरा बियाणांच्या कंपनीत लागला आणि आम्ही २००९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आलो. चहूकडे मका आणि सोयाबीन, आणि मैलोन्‌मैल एकही उडप्याचं हॉटेल नाही. शेजारच्या आजी-आजोबांनी पहिल्याच महिन्यात आम्हाला गाडीत घालून इथे आणलं. मूळ दुकान १९८१ मध्ये राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या हल नावाच्या गावात निघालं. आता दोनशेच्या वर शाखा आहेत, बहुतेक अशाच लहान गावांतून. मुख्य कचेरी ऑरेंज सिटीत. ते डच वस्तीचं गाव, मे महिन्यात तिथे ट्यूलिपची जत्रा भरते. मंडळी देवभोळी आहेत आणि ते लपवतही नाहीत.

बुफे म्हणजे पिझ्झे, चिकन, बटाट्याच्या जाड फोडी, सॅलड. शाकाहारी लोकांनी एक करावं : ताटली घेऊन रांगेत ताटकळू नये. तुम्हाला हवा तो पिझ्झा वाढणाऱ्या पोरांना सांगायचा, ती भाजून आधी तुमच्या टेबलावर आणतात, उरलेला बुफेवर ठेवतात. मी कांदा, ढोबळी मिरची आणि हालापिन्यो नावाची तिखट मिरची सांगते, पातळ पोळीवर. चटणीची डबी पर्समध्ये असतेच. त्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

पण मी लिहायला बसले ते मागच्या खोलीबद्दल. चर्चची मंडळी, वाढदिवस, शाळेचे संघ, कोणीही तिथे बसतं. आणि चार वर्षांतून एकदा तिथे अमेरिकेचा अध्यक्ष व्हायला निघालेली माणसं येतात. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवण्याची सुरुवात आयोवाच्या कॉकसने, म्हणजे गावोगावी सभा भरवून घेतलेल्या मतदानाने, होते. राज्यात काउंट्या, म्हणजे जिल्हे, नव्व्याण्णव. प्रत्येक गावात हॉल कुठे शोधणार? पिझ्झा रँच असतंच.

२०११ चा हिवाळा मला लख्ख आठवतो. ओबामा अध्यक्ष, बेकारी साडेआठ-नऊ टक्क्यांच्या घरात, आणि रिपब्लिकन पक्षात एकच काथ्याकूट : यांच्यासमोर उभं कोणाला करायचं? दर गुरुवारी आम्ही चौघं इथे जेवायचो. एका गुरुवारी शेजारच्या आजोबांनी शर्टाच्या खिशातून बॉलपेन काढलं आणि कागदी रुमालावर दोन रकाने पाडले. डावीकडे ‘ओबामांना हरवेल’, उजवीकडे ‘आपला’. मला हसूच आलं. आमच्या आत्याच्या लग्नाच्या वेळी माझ्या आजोबांनी स्थळांची अशीच यादी केली होती, ‘पगार’ आणि ‘घराणं’ असे रकाने पाडून.

मिट रॉम्नी डावीकडे गेले. पैसेवाले, गव्हर्नर होऊन गेलेले, बोलणं नीटनेटकं. थोडक्यात सगळं उत्तम, पण मुलीचं मन बसत नाही असं स्थळ. आजी म्हणाल्या, या माणसाने २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जो आरोग्यविम्याचा कायदा केला, ओबामांनी त्याचाच भाऊ देशभर आणला. मग हा ओबामांना त्यावरून बोलणार कोणत्या तोंडाने? मला तरी हा मुद्दा त्या टेबलावरचा सगळ्यात बिनतोड वाटला. त्यांच्या मनात होते रिक सॅन्टोरम. आजोबांचं उत्तर तयारच : तो २००६ मध्ये स्वतःच्या पेनसिल्व्हेनियात सिनेटची जागा सतराएक टक्क्यांनी हरलाय, तो ओबामांना काय हरवतो!

बाकीची नावं भराभरा खोडली गेली. ऑगस्टमध्ये आयोवातल्याच एम्स गावची चाचणी निवडणूक जिंकलेल्या मिशेल बाकमन इथल्याच वॉटर्लूत जन्मलेल्या, तरी ओसरल्या. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी अध्यक्ष झाल्यावर बंद करायच्या तीन सरकारी खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव भर टीव्हीवर विसरले. हर्मन केन तर पूर्वी दुसऱ्याच एका पिझ्झा कंपनीचे प्रमुख होते. त्यांची नऊ-नऊ-नऊ कराची (तीन कर, प्रत्येकी नऊ टक्के) योजना ऐकून नवरा म्हणाला, ही कूपनची जाहिरात वाटते. ते डिसेंबरच्या सुरुवातीलाच बाहेर पडले. संसदेतल्या खालच्या सभागृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच यांचं नाव आजोबांनी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. टेक्सासचे खासदार रॉन पॉल यांच्यासाठी फक्त वाढणारा पोरगा भांडायचा, पाण्याचा जग हातात धरून : सैन्य घरी आणा, एवढं एकच तो माणूस सरळ सांगतो.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात सॅन्टोरम मागच्या खोलीत आले. बिनबाह्यांचा स्वेटर, बाहेर कोणाचा तरी डॉज पिकअप, आत जेमतेम वीस माणसं. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव काउंट्या त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. कारखाने, कुटुंब, इराण, असं बोलले. मला निम्मं पटलं नाही. बायकांच्या प्रश्नांवर तर अजिबातच नाही. पण प्रश्न संपेपर्यंत हललेही नाहीत. सांगलीत मी आमदारालाही इतक्या जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि इथे भावी अध्यक्ष म्हणवणारा माणूस आजोबांशी इथेनॉलवर वाद घालतोय आणि पलीकडच्या टेबलावर कोणाच्या तरी नातवाच्या हातून कोक सांडलाय.

दुकानवाल्यांनी कोणाला उठवलं नाही, हे मुद्दाम लिहिते. त्याच महिन्यात हायवेवरच्या दुसऱ्या एका ठिकाणी, नाव नको, टीव्हीवाल्यांना जागा हवी म्हणून आम्हाला अर्ध्या जेवणावरून उठायला सांगितलं होतं. इथे कॅमेरे आले तेव्हा त्यांनाही ताटल्या घेऊन रांगेत उभं केलं.

३ जानेवारी २०१२ ला मी शाळेच्या जिममध्ये कॉकस बघायला गेले. माझा हक्क नुसता बघण्याचा. संध्याकाळी सातला दार लागलं, एकेका उमेदवाराच्या बाजूने कोणीतरी उठून दोन शब्द बोललं, मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. आजोबांनी हाताचा आडोसा करून नाव लिहिलं, शेजारी आजी बसलेल्या असताना. त्या रात्री रॉम्नी आठ मतांनी पुढे : ३०,०१५ आणि ३०,००७. दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली तर सॅन्टोरम चौतीस मतांनी वर, आणि आठ केंद्रांचे आकडे सापडतच नव्हते. तोवर रॉम्नी न्यू हॅम्पशर हे पुढचं राज्य जिंकून मोकळे झाले होते. पुढे उमेदवारी त्यांनाच मिळाली, आणि नोव्हेंबरमध्ये आयोवा गेलं ओबामांकडे.

त्या गुरुवारी आजींनी टेबलावर विचारलं, तुम्ही कोणाला दिलंत? आजोबा म्हणाले, चिकन गार होतंय. त्यांनी अजूनही सांगितलेलं नाही.

तेव्हा दोघांचं वीस-बावीस डॉलरमध्ये भागायचं, आता जास्त लागतात. पार्किंग मुबलक. रविवारी चर्च सुटल्यावर जाऊ नका, रांग दारापर्यंत असते. शेवटी कॅक्टस ब्रेड खा. निवडुंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पिझ्झ्याच्याच पोळीवर दालचिनी-साखरेचा खमंग चुरा, वरून पांढऱ्या पाकाच्या रेघा, गरम असताना बोटाला चिकटणाऱ्या. नवा तवा आला की गप्पा कितीही रंगात असोत, उठा. पाच मिनिटांत कडेचे तुकडे तेवढे उरतात.